वाइनोने मारलेला नंबर

वाइनो रुओना हा आमच्या गावातला सर्वांत प्रामाणिक माणूस. त्याच्या दाराशी पोलिसाची गाडी लागली तीही याच दुर्गुणामुळे.

प्रामाणिक म्हणजे किती, तर एका शिकारीच्या मोसमात त्याने मारलेलं हरीण शिकारीची ठरलेली वेळ संपल्यावर सात मिनिटांनी पडलं, असं त्याच्या घड्याळात दिसलं. वाइनोने स्वतःच वनखात्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. अधिकारी बिचारा घरी पास्टी, म्हणजे मांस भरलेली गरम करंजी, खायला बसला होता. तो म्हणाला, "वाइनो, तुझं घड्याळ पुढे असेल." वाइनो म्हणाला, "मी लावून घेतलंय, तुमच्याच ऑफिसच्या घड्याळावरून." शेवटी गार झालेली पास्टी टाकून त्या माणसाला यावं लागलं. अशा माणसाशी मैत्री ठेवणं सोपं नसतं. मी पस्तीस वर्षं ठेवली आहे. गावात लोखंडी सामानाचं दुकान माझं एकट्याचंच, त्यामुळे त्यालाही दुसरा पर्याय नव्हता.

सुपीरियर सरोवराच्या या बाजूला माणसाला दोन पाय असतात आणि एक रानगाडी असते. मोटारसायकलचं हँडल, ट्रॅक्टरला शोभतील अशी चार जाड चाकं आणि मध्ये घोड्यावर बसावं तसं बसायचं. वाइनोला तिची गरज इतरांपेक्षा जास्त, कारण त्याचा थोरला भाऊ ओन्नी ऑटर तळ्याकाठच्या लाकडी खोपटात एकटा राहतो. वय एक्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले, सोबतीला एक मांजर. रस्ता सात मैलांचा, त्यातला शेवटचा दीड मैल नुसता दलदलीचा. तिथे जीपही रुतते. गावात येऊन राहा म्हटलं की ओन्नी म्हणतो, "गावात मला सगळ्या भिंती अंगावर येतात. इथे मला दिसत नसलं तरी सगळं कुठे आहे ते ठाऊक आहे." म्हणून वाइनो आठवड्यातून दोनदा पीठ, कॉफी, दिव्याचं तेल आणि डोळ्यांत घालायचं औषध घेऊन जायचा. गाडी बंद पडली तर ओन्नीचं तिथलं राहणं बंद, इतका सरळ मामला.

आठ वर्षांपूर्वी त्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मोडली. आमच्याकडे नवी चासी कोणी विकत घेत नाही. प्रत्येकाच्या गोठ्यामागे एक-दोन मेलेल्या गाड्या गवतात पडलेल्या असतात. एकीचं इंजिन गेलेलं, दुसरीचा सांगाडा गेलेला. मग एकीतलं काढून दुसरीत घालायचं आणि पुढे हाकायचं. विधवा एल्माच्या घरामागे तिच्या नवऱ्याची, आर्विदची, इंजिन जळलेली गाडी होती. एल्माच्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, छप्पर शाकारून देण्याच्या बदल्यात वाइनोने त्या गाडीची चासी आणली. इंजिन, चाकं, सीट, हँडल सगळं आपल्या जुन्या गाडीचं त्यावर चढवलं आणि गाडी पुन्हा धावू लागली.

पण आमच्या राज्यात रानगाडीलाही मोटारीसारखं मालकीपत्र लागतं, आणि त्यावर चासीचा नंबर असतो. वाइनोच्या कागदावर एक नंबर आणि गाडीखाली दुसराच. गावातल्या निम्म्या गाड्यांची हीच कथा आहे. बाकीच्यांना त्याने काही होत नाही, चिखलाने सगळे नंबर सारखेच दिसतात. वाइनोची मात्र झोप उडाली. माझ्या नावाचा सरकारी कागद खोटं बोलतोय, म्हणे!

तो दुकानात आला. "नंबर ठोकायचे पंच आहेत का? बारीक अक्षराचे."

होते. मी दिले. त्याने सहा दिवस रद्दी पत्र्यावर सराव केला. मग चासीवरचा जुना नंबर ग्राइंडरने घासून काढला आणि कागदावरचा नंबर एकेक अक्षर ठोकून बसवला. मी वाकून पाहिलं. ओळ इतकी सरळ की मी म्हणालो, "कारखान्यातही इतकं नीट मारत नाहीत रे!" आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आठ वर्षं सुखाची गेली. या शरद ऋतूत डॉक्टरने वाइनोला सांगितलं की खुब्याचा सांधा बदलायचा, आणि तीन महिने गाडीवर बसायचं नाही. भाची मिर्या म्हणाली, मी जाईन ओन्नीमामाकडे. मिर्या शाळेत गणित शिकवते. तिच्यातही हा घराण्याचा आजार आहेच.

"पण मामा, माझ्या नावावर नसलेल्या गाडीवर मी बसणार नाही हं. कागद आधी, मग मी."

"बरोबर बोललीस," वाइनो म्हणाला. दोघंही एकमेकांवर खूश. मी तिथेच हात जोडायला हवे होते.

वाइनो कागद घेऊन नोंदणी कार्यालयात गेला. माझ्या मोटारीत बसवून नेला मीच, कारण खुब्यामुळे त्याला गाडी चालवणं जड जात होतं. त्याचं मालकीपत्र पावाच्या डब्यात ठेवलेलं, आणि नंबराच्या शेवटच्या तीन आकड्यांवर कॉफीचा गोल डाग. खिडकीतल्या जॉयसबाईंनी चष्मा वर-खाली केला.

"हे वाचता येत नाही. पोलिसाकडून गाडी तपासून घ्या. तो नंबर बघेल, फॉर्मवर लिहील, मग मी भाचीच्या नावावर करते."

मी घाईघाईने म्हणालो, "जॉयसबाई, कागदाची नक्कल काढून दिलीत तर?"

"कशाला नक्कल?" वाइनो म्हणाला. "नंबर गाडीवर आहे की. येऊ दे त्याला, बघू दे."

बुधवारी डेप्युटी डेल पर्टुला आला. टॉर्च आणि काडीला लावलेला छोटा आरसा घेऊन तो गाडीखाली सरकला. त्याचे बूट तेवढे बाहेर. बराच वेळ ते बूट हलले नाहीत.

"वाइनोकाका," खालून आवाज आला, "हा नंबर कारखान्यातला नाही."

मी वाइनोच्या पायावर पाय दिला.

"पाय का देतोयस?" वाइनो मोठ्याने म्हणाला. मग वाकून डेलला, "नाहीच मुळी. मी मारलाय. सरळ आलाय ना?"

डेल बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता. "आणि चासीचा मूळ नंबर?"

"घासून काढला."

"काय होता तो?"

"ते कसं लिहून ठेवणार? तो माझा नव्हता ना!"

डेलने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "काका, नंबर घासलेली गाडी कायद्यात चोरीची समजतात. उलट सिद्ध होईपर्यंत. मला ती उचलून न्यावी लागेल."

चोरीची. हा शब्द ऐकल्यावर वाइनो लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला. खुबा दुखत होता म्हणून नव्हे. वडिलांच्या नावाने कोणी हाक मारावी आणि आपण मागे वळून बघावं, तिथे कोणीच नसावं, तसा दिसला तो मला.

डेलने एक वाट सांगितली. चासी ज्या गाडीची होती, तिचं मालकीपत्र मिळालं तर सगळं जुळेल, राज्य सरकार नवा नंबर देईल, गाडी परत. आम्ही दोघं तसेच एल्माकडे गेलो.

"आर्विदचे कागद?" एल्मा म्हणाली. "तो गेल्यावर खोक्यांच्या खोकी सौनाच्या चुलीत घातली की. दोन हिवाळे पुरली. छान पेटायची हो!"

"सगळी?" मी विचारलं.

"प्रेमपत्रं आधी," ती म्हणाली, आणि आम्हाला कॉफी ओतून दिली.

परतीच्या वाटेवर मी त्याला म्हणालो, "दलदलीत ढकलून दे गाडी. बुडाली म्हणून सांग. डेल खोदायला येणार नाही."

वाइनोने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या दुकानातून यापुढे मी खिळासुद्धा घेणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, मोठे खिळे आणि खाटेला लावायचे कोपरपत्रे मागितले. दुसरं दुकान बावीस मैलांवर आहे. त्याने स्वयंपाकघरात ओन्नीसाठी खाट ठोकायला घेतली होती.

डेलकडे त्याने शुक्रवार दुपारपर्यंतची मुदत मागितली होती. डेलने दिली. फॉर्म भरायला वेळ लागतो, म्हणाला, आणि फॉर्म तर एकच पानाचा होता.

शुक्रवारी बाराला डेल ट्रेलर घेऊन अंगणात उभा होता. मी आणि मिर्याही तिथेच होतो. मग झाडीतून इंजिनाचा आवाज आला. वाइनो दातओठ खाऊन चालवत होता. मागे ओन्नी, दोन्ही हातांनी भावाची कंबर धरून, आणि पुढच्या सामानाच्या जाळीवर झाकण बांधलेल्या टोपलीत मांजर, सगळ्या जगावर संतापलेलं.

"कोण उभं आहे?" ओन्नीने विचारलं.

"डेल पर्टुला, काका."

"गाडी चोरीची आहे म्हणे?"

"तसं समजायचं असतं, काका. नियम आहे."

"मग तिच्यावरून आणलेला मीही चोरीचाच माल. चल, मलाही चढव ट्रेलरवर."

डेल हसला नाही. मिर्या तोंड फिरवून रडायला लागली. "मामा, माझ्यामुळे झालं हे. मी कागदाचा हट्ट धरला नसता तर..."

"तू बरोबरच सांगितलंस," वाइनो म्हणाला. आणि तो तसं मनापासून म्हणाला, हेच तर त्याच्याबाबतीत सहन होत नाही.

ओन्नी गाडीजवळ गुडघे टेकून बसला. "कुठे मारलायस तो?" वाइनोने त्याचा हात धरून चासीवर नेला. ओन्नीने बोटं ओळीवरून फिरवली, सावकाश, एकेक आकडा, शेवटपर्यंत. आठ वर्षं तो त्या गाडीच्या येण्याकडे कान लावून बसायचा, पण हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"सरळ आहे," तो म्हणाला. "बाबांनी पाठ थोपटली असती."

मग डेलने पट्टे आवळले आणि गाडी घेऊन गेला.

अर्ज गेला आहे. त्यात एका ओळीची जागा होती: नंबर बदलण्याचे कारण. वाइनोने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कागद खोटा पडू नये म्हणून.' मी म्हणालो, असं लिहू नकोस, वकील लावू. तो म्हणाला, मग काय दुसरं कारण लिहू? सरकारचं उत्तर आलं आहे, विचाराधीन आहे म्हणून. दलदल गोठली, बर्फ गुडघाभर झालं. खुब्याच्या ऑपरेशनची तारीख वाइनोने पुढे ढकलली, कारण तो इस्पितळात पडला तर ओन्नीचा हात धरून त्याला बाहेर कोण नेणार? मिर्या रविवारी येते, पण बाकीचे सहा दिवस उरतातच.

काल मी त्यांच्याकडे गेलो होतो. ओन्नी स्वयंपाकघरात खाटेवर बसलेला, अंगात कोट, पायात चिखलाचे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. आला तेव्हापासून तो असाच बसतो. झोपताना काढतो आणि उठल्याबरोबर आधी बूट चढवतो.

वाइनो मला दारापर्यंत सोडायला आला. लंगडणं वाढलं आहे. आवाज खाली आणून म्हणाला, "त्याला बूट काढून बस म्हणू की नको, तेच मला कळत नाही रे."

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी फाजील उत्तर असतं. मी त्याला म्हणालो, "राहू दे."