तांबोशीची कलेजी

धर्मराज मेश्राम ह्यूस्टनच्या एका छोट्या लॅबमध्ये मासे तपासत असे. समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म उभे असतात; त्यांच्या खांबांभोवती जमणाऱ्या माशांत तेलाचं विष उतरलंय का, हे बघायचं आणि रिपोर्टवर सही करायची. सहीच्या बाबतीत गडी भलताच काटेकोर. भंडाऱ्याहून शिकत शिकत इथवर आलेल्या माणसाला आपल्या सहीचा अभिमान असायचाच.

२००५ साली, लग्नानंतर सात वर्षांनी, सुजाताला दिवस गेले. धर्मराजची आई भंडाऱ्याहून धावत आली. मित्र अनिल रविवारी त्यातल्याच एका प्लॅटफॉर्मपाशी बोटीनं गळ टाकायला जाई, येताना तांबोशी मासा आणून देई.

"खाऊ ना रे मी?" सुजातानं विचारलं.

"अगं, तिथले मासे मीच टेस्ट केलेत. एकदम क्लीन!"

अनिल मासा साफ करून आतलं सगळं गार्बेजमध्ये टाकायला निघाला, तर आईनं त्याचा हातच धरला. "कलेजी फेकतोस का रे बाप्पा? पोटुशीले तेच द्या लागते!" तिनं ती तव्यावर परतून सुनेला वाढली. मग दर रविवारी वाढली. धर्मराज कौतुकानं बघत बसे.

सातव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले. मुलगी होती. कारण सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाली.

महिन्याभरानं तो कामावर गेला. या खेपेला एका अभ्यासासाठी नमुन्यांत कलेजीही आली होती. मांसाचा आकडा नेहमीसारखाच नगण्य; कलेजीचा मात्र कित्येक पटींनी जास्त. त्यानं जुना रिपोर्ट काढला. 'खाण्यास योग्य', आणि खाली बारीक अक्षरांत, 'तपासणी फक्त कातडी काढलेल्या मांसाची'. इथं कलेजी कुणी खातच नाही, मग तपासणार कोण? ती ओळ त्यानंच टाइप केली होती. घरी ताटाशी बसल्यावर ती एकदाही आठवली नाही. बाळ त्या कलेजीनंच गेलं, असं कुणी म्हणणार नव्हतं. नाही गेलं, असंही कुणी सांगणार नव्हतं.

संध्याकाळी घरी आला तर आईनं फ्रीझरमधली शेवटची कलेजी परतून ठेवलेली. "सुजाताच्या अंगात रक्त भरंन," ती म्हणाली.

आईला खरं सांगितलं, तर ती जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. त्यानं ताटली ओढून घेतली. "आज मला दे, आई. लय भूक लागली."

आई समोर बसून त्याला खाताना बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "धरमा, माह्या हातून तर काही चुकलं नाही ना रे?"

"नाही, आई," तो म्हणाला आणि उरलेली कलेजीही वाढून घेतली.