चूळबुवांचा एक घोट

चूळबुवांनी पुण्यातल्या यच्चयावत महागड्या हॉटेलांतली वाइन तोंडात घेतली होती आणि एक थेंबही पोटात जाऊ दिला नव्हता. त्यांनी थुंकलेली वाइन साठवली असती, तर खडकवासला धरणातून उन्हाळ्यात पाण्याचं एक आवर्तन जादा सोडता आलं असतं. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत माझ्याकडे पुरावा मागायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलंय.

शहरातल्या हॉटेलवाल्यांचं एक मंडळ आहे. ज्याची वाइनची यादी चांगली, त्याच्या दाराला ते दरवर्षी एक पितळी पाटी लावतं. त्या पाटीसाठी मालक लोक देव पाण्यात घालून बसतात. परीक्षक आमचे बुवा. मूळचे अगरबत्तीच्या कारखान्यातले. मोगरा मोगऱ्यासारखा येतोय की साबणासारखा, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ते नाक वाइनकडे वळलं. घोट घ्यायचा, गालांतून खळाळून फिरवायचा आणि सकाळी मोरीत चूळ टाकावी तसा टाकून द्यायचा. म्हणून चूळबुवा. हे नाव मी ठेवलं. त्यांनी बदल्यात मला ‘थापाडे’ केलं, आणि तेही अशा अदबीने, की सोसायटीचा नवा वॉचमन अजून ते माझं आडनाव समजतो.

चूळ टाकायला त्यांचा स्वतःचा डबा होता. झाकणाचा, स्टीलचा, कापडी पिशवीत गुंडाळलेला. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, उंच नाजूक ग्लासांच्या शेजारी, तो डबा ठेवला की पाच हजारांचं टेबल एकदम खानावळीचं दिसायला लागायचं. एकदा एका वेटरने तो उचलून नेऊन त्यात चटणी भरून आणली होती. बुवा त्याला म्हणाले, “ठेवा. वाइनपेक्षा बरी असेल.” डब्याबद्दल कुणी फार विचारलं की त्यांचं एकच उत्तर होतं. “गिळतो तो पाहुणा, थुंकतो तो परीक्षक. पाहुण्याने नावं ठेवू नयेत, आणि परीक्षकाने जेवू नये.”

जेवायला मी होतो. बुवा पक्के शाकाहारी. बाकीच्या हॉटेलांत पनीरच्या वासावर भागायचं, पण स्टेकहाउसात स्टेकशिवाय वाइन तपासणं म्हणजे नवरी न बघता वाजंत्री ठरवणं. म्हणून ते मला घेऊन जायचे. मांस मी खायचं, त्याचं वर्णन करायचं, आणि त्यावरून कोणती वाइन त्याच्याबरोबर नांदेल हे ते ठरवायचे. मी वर्णनाला बसलो की म्हशीचा तुकडा जिवंत होऊन टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून यायचा. बुवा मान न उचलता म्हणायचे, “थापाडे, म्हैस पुरे. मऊ आहे की चिवट, एवढंच सांगा.”

यादी हातात आली की ते सगळ्यात आधी सगळ्यात स्वस्त बाटली बघायचे. “महाग बाटली कुणीही निवडतो. तिला पैसा निवडतो. गरिबाच्या वाट्याला काय ठेवलंय त्यावरून घर कळतं.” मग ग्लासातून मिळणाऱ्या वाइनकडे बोट. “ही केव्हा उघडली?” वेटर म्हणायचा, “आजच, सर.” बुवा चष्मा पुसत विचारायचे, “कुठल्या आजला?”

पण गेल्या काही वर्षांत बुवा थकले होते. पायांनी नाही, ते पर्वती अजून माझ्या आधी चढायचे. ते वाचून थकले होते. प्रत्येक यादीत तीच नावं, तीच विशेषणं, प्रत्येक बाटलीत म्हणे चेरी, प्रत्येक बाटलीत म्हणे चामडं. “अहो, सगळ्या याद्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या आहेत,” ते म्हणायचे, “आणि तो माणूस कधी वाइन प्यायलेला नाही. तुमच्यासारखा असणार.” दरवर्षी ‘हे शेवटचं’ म्हणायचे. दरवर्षी मंडळाचा फोन आला की डबा घासायला काढायचे.

या वर्षी त्यांना एक ताप येऊन गेला. तापातून उठले त्या आठवड्यात मी सहज त्यांच्याकडे गेलो. जिन्यातच करपल्या दुधाचा वास. दुसऱ्या मजल्यापर्यंत लोक दारं उघडून उभे होते. आत बुवा स्वयंपाकघरात, गॅसपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत बसलेले. पातेलं काळं ठिक्कर. मला बघून म्हणाले, “या. चहा टाकतो, दूध तापतच आहे.”

मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. माझ्या बाबतीत ही घटना इतकी दुर्मीळ, की त्यांना तेवढ्यावरूनच सगळं कळलं असावं. पेपरची घडी घालत ते म्हणाले, “हं. म्हणजे खिडकीतली जाई काल फुलली होती तर.”

डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, किंवा नाही येणार. आणि मंडळाला दिलेला शब्द पुढच्याच आठवड्यातला होता. कोरेगाव पार्कातलं नवं स्टेकहाउस. बुवा म्हणाले, नको जायला. मी म्हणालो, चला हो, मी आहे ना. वास मी घेतो, बडबडीत सांगून टाकतो, तुम्ही त्यातून काय ते वेचून घ्या. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडता माणूस गळक्या होडीकडे बघतो. पण आले. इतक्या वर्षांची सवय. नाही कसं म्हणायचं हे त्यांना सुचलंच नसावं.

दुपारचे चार वाजले होते. दुपारचं जेवण आटोपलेलं, रात्रीचं लागायचं होतं, हॉटेल जांभया देत होतं. मालक लोणी काळभोरचे. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकून हे उभं केलेलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वाइनचं सगळं बघायला स्नेहल नावाची अमरावतीची मुलगी होती. यादी तिने केलेली. बुवांनी सगळ्यात स्वस्त बाटली बघितली आणि कित्येक वर्षांनी ‘हं’ न म्हणता मान डोलावली.

पहिला ग्लास आला. मी नाक खुपसलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला मिसळ आणि पेट्रोल हे दोनच वास खात्रीने ओळखता येतात. तरी म्हणालो, “वा बुवा, जणू गुलाबाच्या बागेत घोडा आंघोळ करतोय.”

बुवा ओठ न हलवता पुटपुटले, “घोडा काढून सांगा.”

तसेच आणखी दोन ग्लास आम्ही ढकलले. मग मालक स्वतः एक उघडी बाटली घेऊन आले. मागे स्नेहल, तोंड उतरलेलं.

“सर, ही आमची सगळ्यात भारी बाटली. ही पोरगी म्हणती, खराब हाय, ओतून टाका. मी स्वतः पिऊन बघितली. चांगली हाय. ह्या महिन्यात हिनं दोन ओतल्यात. गावाकडं भाऊबंद आधीच हसत्यात मला, रान विकून दारू सांडतोय म्हणून. आता तुम्हीच सांगा. तुम्ही चांगली म्हणालात तर हिला उद्यापासून सुट्टी.”

“सर, बुचाचा दोष आहे,” स्नेहल म्हणाली. “ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. मी पाहुण्यांना ही नाही देऊ शकत.”

ग्लास माझ्याकडे आला. मी वास घेतला. मला वाइनचा आला. पुठ्ठा नाही, गुलाब नाही, घोडाही नाही. तोंडाशी ‘उत्तम’ तयार होतं. थापेला माझ्याकडे कधी वेळ लागत नाही. तेवढ्यात बुवांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी ग्लास घेतला, घोट घेतला, गालांतून खळाळून फिरवला. मी सवयीने डब्याचं झाकण काढलं. बुवांनी ते परत लावलं, आणि घोट गिळला.

“मालक,” ते म्हणाले, “मी आता तुमचा पाहुणा. माझं नाक गेलंय. ताप आला, घेऊन गेला. हे मी दारातच सांगायला हवं होतं.”

मालकांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. “मग आता हिचं खरं का माझं?”

“मला वास येत नाही, पण थोडी अक्कल अजून येते. स्वतःची नोकरी पणाला लावून कुणी हौसेने पुठ्ठ्याचा वास काढत नाही. आणि खात्री हवी असेल, तर याच वाइनची दुसरी बाटली उघडा. दोन्ही शेजारी ठेवा आणि तुम्हीच वास घ्या.”

आणखी एक बाटली उघडायची म्हणताना मालकांचा जीव वर-खाली झाला. पण उघडली. एका ग्लासात नाक घातलं, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. खुर्ची ओढून बसले.

“भिजलेलं पोतं,” ते हळूच म्हणाले. “गोठ्यात पेंडीचं पोतं भिजलं की असा वास येतो. ही पहिली बाटली तशीच हाय.” मग स्नेहलकडे न बघता, “पुठ्ठा काय म्हणतीस? पोतं म्हणायचं. मला लगेच कळलं असतं.”

“बघा,” बुवा म्हणाले, “या खोलीत दोन नाकं निघाली. मला वाटलं होतं एकच आहे.” माझं त्यांनी मोजलं नाही.

त्यांनी तिथूनच मंडळाला फोन करून काम सोडलं. पाटी कुणाला मिळायची ते पुढचा परीक्षक ठरवील. स्नेहल आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. बुवांनी पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. “घासलेला आहे,” एवढंच म्हणाले.

रिक्षात ते डोळे मिटून बसले. संगम पुलावर आल्यावर म्हणाले, “थापाडे, मी गिळली ती खरोखर कशी होती हो? चांगली की खराब?”

आयुष्यात या माणसाने एकच घोट गिळला होता. माझ्या तोंडात त्या घोटासाठी द्राक्षांचे मळे, सोन्याची पिंपं, फ्रान्सचा राजा, सगळं हात जोडून उभं होतं.

“खराब,” मी म्हणालो.

“हं,” बुवा म्हणाले. “मग काही हुकलं नाही म्हणायचं.”

नाक अजून परत आलेलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्या गॅलरीत जाऊन बसतो. दमलेली दोन माणसं, दोन खुर्च्या, मध्ये चहा. दूध मीच तापवतो. ते अधूनमधून विचारतात, “आत्ता कसला वास येतोय?” आणि मला, ज्याने जन्मात एक गोष्ट धड सांगितली नाही त्याला, हवा नीट हुंगावी लागते.

“खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परततंय.”

“करपतोय?”

“नाही. अजून गुलाबीच आहे.”

“मग थांबा जरा,” बुवा म्हणतात, आणि डोळे मिटून कांद्याची वाट बघत बसतात.