कप्तानाच्या नावाचा पाव

झुहूरला कुणी भोळी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. भोळी कसली! इजिप्तमधल्या आमच्या तांता शहराच्या बाजारात सलगमाचं लोणचं विकताना भल्याभल्यांना पाणी पाजणारी बाई ती. आमची दारं समोरासमोर. तिच्याकडे वाटी पडली तरी मला कळतं.

म्हणून तर तिच्या घरातली शांतता मला खायला उठायची. तिचा नवरा फिक्री गेला आणि सतरा वर्षांची निहाल मुकीच झाली. डोळ्यांतून टिपूस नाही. दोन घास चिवडायची नि खोलीचं दार लावून घ्यायची. मयताचा चाळिसावा दिवस होईपर्यंत टीव्ही-रेडिओ बंद, त्यामुळे घरात आवाज म्हणून नाही. झुहूर मला म्हणायची, "एकदा रडली तर वाचेल गं पोर. तो गेला, आता हीही हातची जाते की काय?"

एका दुपारी बघते तर बाई पुस्तक घेऊन दारात बसलेली! फिक्री स्टेशनावरच्या दुकानातून लेकीसाठी दर महिन्याला ती खिशात मावणारी पुस्तकं आणायचा, अंतराळातल्या मोहिमांची. बापलेक त्यावरून तासन्‌तास भांडायचे. झुहूरनं त्यातला मधलाच एक भाग उचलला होता. प्रौढ वर्गात शिकलेली ती, बोट ठेवून वाचत होती.

"अगं, पहिल्यापासून तरी घे," मी म्हटलं.

"हाताला लागलं ते घेतलं. पोर कुठे रमायची ते बघू दे की. पण हे मेले सगळे आधीपासून एकमेकांना ओळखतात! भलत्याच लग्नात शिरल्यासारखं झालंय मला."

तरी चिकाटी बघा तिची. कप्तान सुहैब तर तिला फारच आवडला. चारचौघांत बोलायला लाजतो म्हणे, अगदी फिक्रीसारखा. शेवटच्या पानावर कप्तानाचं यान सूर्यात कोसळलं, आणि बाईनं ओढणी डोळ्यांना लावली.

गुरुवारी कबरस्तानात जायचं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं गरिबांना वाटतात ते गोडसर पाव झुहूर भाजत होती. मी नि निहाल टोपली भरत होतो. झुहूरनं एक पाव बाजूला काढला आणि डोळे मिटून मृतांसाठीची फातिहा म्हणायला लागली.

"हा कुणाचा गं?" मी विचारलं.

"कप्तानाचा. बिचाऱ्याच्या मागे कुणी नाही. ना बायको, ना मूल."

मी हसू दाबलं. पण निहाल ताडकन उठली.

"आई, काहीतरीच काय तुझं! तो मरत नाही! सूर्याच्या पलीकडून निघतो. पुढच्या भागात परत येतो."

किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी! झुहूरचे हात थांबले.

"खरंच येतो?"

"येतो गं. दर वेळी येतो. तो नेहमीच परत..."

 ती टोपलीतल्या पावांकडे बघत राहिली.

"बाबा नाही येणार ना, आई?"

"नाही गं माझ्या राणी," झुहूर म्हणाली, आणि पिठाच्या हातांनी तिनं लेकीला कवटाळलं. "ते नाही येणार."

तेव्हा निहाल रडली. अगदी हंबरडा फोडून रडली. भट्टीतल्या पावांचा करपट वास सुटला होता, पण आम्हा तिघींपैकी कुणीच उठलं नाही.