तांब्याभर बोलणं

माझ्या आईनं लग्नात दिलेल्या पितळी तांब्याला मुलीनं ड्रिलनं भोक पाडलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं अमेरिकेतही ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत ढीगभर भांडी मिळतात, पण बाईसाहेबांना देवापुढचाच हवा होता. का, तर त्याचा आकार बरोबर! शाळेत ती लॅटिन शिकत होती आणि प्रोजेक्टसाठी तिला ग्रीकांचं पाण्याचं घड्याळ करायचं होतं.

"आई, रिलॅक्स. इट्स फॉर सायन्स."

भोकात तिनं बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवला आणि गळ्याशी आतून माझ्याच नेलपॉलिशची खूण केली. तांब्या डब्यावर, खाली पातेलं. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि धार सोडायची. अथेन्सच्या कोर्टात म्हणे दोन्ही बाजूंना सारखंच पाणी मिळायचं. पाणी संपलं की बोलणं संपलं, मग माणूस कितीही मोठा असो. हे ऐकून माझा राग निम्मा उतरला. अशा घड्याळाची आमच्या घरात किती गरज होती, ते मलाच ठाऊक.

कारण माझा नवरा. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये हा सगळ्यांना दोन मिनिटांत आटपायला लावतो, आणि घरी स्वतः सुरू झाला की चहाचा दुसरा कप होतो तरी मुद्द्यावर येत नाही. त्या दिवसांत मुद्दा एकच होता. मुलीला कॉलेजात ग्रीक आणि रोमन लोकांची यंत्रं शिकायची होती: पाणी उपसायची चाकं, दगड उचलायच्या क्रेन, बुडालेल्या जहाजात सापडलेलं दातेरी चक्रांचं यंत्र. ह्याला हवं होतं कम्प्युटर सायन्स. रोज जेवताना हा बोलत सुटायचा आणि ती ताट उचलून खोलीत जायची. अर्ज भरायची तारीख जवळ येत होती. दोघं कायमचा अबोला धरून बसतील, अशी मला खरंच भीती वाटायला लागली.

शेवटी एका शनिवारी दुपारी मीच तांब्या डायनिंग टेबलवर आणून ठेवला. म्हटलं, "आता बोला. दोघांना एकेक तांब्या. पाणी मी भरणार."

मुलगी आधी बोलली आणि निम्मं पाणी उरलं असतानाच थांबली. "आय लव्ह धिस, बाबा. दॅट्स इट."

मग मी ह्याच्यासाठी तांब्या भरला. नमनाला घडाभर तेल म्हणतात, तसं ह्याचं नमनालाच तांब्याभर पाणी चाललं. आपण भारतातून इथं पार्सिपनीत कसे आलो, मार्केट किती बेकार आहे, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंपावर तुला जॉब कोण देणार, यार?"

"बाबा, युअर वॉटर."

त्यानं पाहिलं. धार बारीक झाली होती. एकदम त्याचा आवाज बदलला.

"मागच्या वर्षी मी घरी होतो ना," तो म्हणाला, "ते वर्क फ्रॉम होम नव्हतं. माझा जॉब गेला होता."

हे आम्ही तिला कळू दिलं नव्हतं. ती इथं जन्मलेली, तिचा पासपोर्ट इथला. आम्ही इतक्या वर्षांनंतरही व्हिसावर. नोकरी गेली की देश सोडायची मुदत सुरू होते. पुढे त्याला बोलवेना. धारेचे थेंब व्हायला लागले. जन्मभर बडबड केलेला माझा नवरा नेमका आता अर्ध्यात अडकणार, म्हणून माझा जीव कासावीस झाला.

मुलीनं हात पुढे केला आणि रिफिलच्या तोंडावर बोट ठेवलं.

"कोर्टात एव्हिडन्स वाचताना ते लोक पाणी थांबवायचे," ती म्हणाली. "टेक युअर टाइम, बाबा."

मग तो थोडक्यात बोलला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो बेसमेंटमध्ये अर्ज करत बसायचा. वर तिची पावलं वाजली की उगाच मोठ्यानं फोनवर बोलल्यासारखं करायचा. पुढे नोकरी मिळाली, भीती मात्र गेली नाही. "तुला असं कधी बसायला लागू नये. माझं म्हणणं एवढंच आहे."

"एव्हरी डे?" तिनं विचारलं. "अँड आय वॉज राइट अपस्टेअर्स?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट तिनं हलवलं नव्हतं. मला त्या दोघांची इतकी माया आली की तांब्याचं भोक मी कायमचं माफ करून टाकलं.

नवरा उठला, पाण्याचा जग घेऊन आला आणि स्वतःच तांब्या भरायला लागला. खुणेच्या वर, काठोकाठ, टेबलावर सांडेपर्यंत.

"अरे, खूण कधीच गेली," मी म्हटलं. "दोघांना सारखं द्यायचंय."

"असू दे गं," तो म्हणाला आणि लेकीसमोर खुर्ची ओढून बसला. "आता तू बोल, बाळा. त्या जहाजात काय सापडलं होतं? सगळं सांग."