दुपारचा क्लास

आमच्या ह्यांनी नांदुऱ्यात उभी हयात कॉम्प्युटरचा क्लास चालवला. लिनक्स शिकवणारे तेव्हा गावात हे एकटेच. आता क्लास बंद आहे, कारण त्यांना विसरण्याचा आजार झालाय. जेवलो की नाही, तेही आठवत नाही. मध्यंतरी भाजी आणायला निघाले आणि स्टेशनच्या बाकावर सापडले. तेव्हापासून मी दाराला कडी लावून असते. चहाला उशीर झाला की आवाज मात्र पूर्वीचाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थकले आहे मी, सरळच सांगते.

"तुम्हाला ओळखतात ना अजून?" डॉक्टर दर खेपेला विचारतात, आणि मी ठासून हो म्हणते. बाकी सगळं गेलं तरी चालेल, बायको तेवढी आठवावी. एवढ्यावरच मी तग धरून होते.

हात चालू ठेवा, असंही डॉक्टर म्हणाले. म्हणून दुपारी त्यांना जुन्या कॉम्प्युटरपुढे बसवते. काळ्या पडद्यावर बोटं आपोआप चालतात. आधी pwd, म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते कळतं. मला तर पीडब्ल्यूडी म्हटलं की बांधकाम खातंच आठवतं. मग ls, म्हणजे तिथं काय काय आहे ते दिसतं. ते झालं की पुन्हा pwd. घरात मोरी सापडत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये कधी वाट चुकत नाहीत. मला त्या डबड्याचा हेवा वाटतो.

काल चहा घेऊन गेले, तर त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा. cd लिहा, मधात जागा सोडा, मंग फोल्डरचं नाव. झालं, आत आलो आपण. आता cat लिहून फाइलचं नाव द्या, तिच्यातलं सारं समोर दिसते."

थट्टा करताहेत असं वाटून मीही बसले. बोट चुकलं आणि भलत्याच फोल्डरमध्ये शिरले. आता ओरडणार, म्हणून मान खाली घातली.

"घाबरू नका. cd लिहून दोन टिंबं द्या, एक पायरी मांगं येता येते."

इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला फार बरं वाटलं. मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "नव्या बॅचच्या का तुम्ही, ताई?"

मी बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली.

"हाव सर," म्हटलं, "आजच आली."