डावा खांदा आणि तांब्याचं काडतूस

आमच्या ह्यांना मरायच्या आधी आफ्रिकेत जाऊन एक कुडू मारायचा होता, आणि तो कुठल्या खांद्यावरून मारायचा हे हॉस्पिटलात मी परस्पर ठरवून टाकलं होतं. (चुकीचं.)

कुडू म्हणजे हरणाच्या जातीचं, पण चांगलं घोड्याएवढं जनावर. शिंगं अशी पिळलेली की वाटावं देवाने स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसवलीत. डॉमनिक, म्हणजे आमचे हे, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते. तिथल्या लॉकरच्या दाराला आतून त्यांनी कुडूचं चित्र चिकटवलेलं होतं. बाकीच्यांच्या लॉकरमध्ये कसली चित्रं असायची ते मी लिहीत नाही, त्यामुळे कुडूबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. रिटायर झाले तेव्हा ते चित्र घरी आलं आणि फ्रिजवर लागलं. दूध काढायला गेलं की कुडू बघतोय!

आता खांद्याचं सांगते. एका हिवाळ्यात हे ड्राइव्हवेवर बर्फ शोव्हल करता करता आडवे झाले. अँब्युलन्स, हॉस्पिटल, मशिनं. हृदयाचे ठोके मध्येच दांडी मारतात, म्हणून पेसमेकर बसवायचा ठरला. हे अर्धवट शुद्धीत. नर्सने मला विचारलं, "इज ही राइट हँडेड ऑर लेफ्ट हँडेड?"

सकाळपासून लोक मला काहीबाही विचारत होते आणि मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. हे येत होतं! मी छाती काढून म्हटलं, "राइट! फुल्ली राइट!"

आणि खरंच, मी ज्या माणसाशी लग्न केलं तो उजवाच होता. जेवायचा उजव्याने, सही उजव्याने, क्रूसाची खूण उजव्याने. जन्माला डावरा आला होता, पण माझ्या सासूबाई वसईच्या. ताटाकडे डावा हात गेला की करवंटीची डवली बोटांवर! जेवताना डावा हात फडक्याने पाटाला बांधून ठेवायच्या. मला नवरा मिळाला तो असा दुरुस्त होऊन मिळाला.

फक्त बंदूक ते कॅनडात येऊन शिकले. इथे सासूबाई नव्हत्या. त्यामुळे ती त्यांनी सरळ डाव्या खांद्याला लावली, ती कायमची. मला काय ठाऊक? नोव्हेंबरच्या थंडीत झाडामागे उभं राहून हरणाची वाट बघायला मी कधी गेले असेन तर शपथ!

पेसमेकर माणूस ज्या हाताचा असेल त्याच्या दुसऱ्या बाजूला बसवतात. मी उजवा सांगितला, त्यांनी डावीकडे बसवला. बंदुकीचा दस्ता टेकतो, बरोबर त्याच्या शेजारी. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी छाती चाचपली. बायकोचं नाव घेतलं नाही, देवाचं घेतलं नाही. म्हणाले, "हे इकडे कोणी बसवलं?"

जेनेट, आमची मुलगी, स्वतः नर्स आहे. ती माझ्याकडे वळली. "मम्मी, डिड दे आस्क यू?"

"विचारलं ना."

"अँड?"

मी खिडकीतून पार्किंग लॉट बघू लागले.

तिथेच हा विषय संपायचा. पण पुढच्या वर्षी ह्यांना साधी सर्दी झाली आणि मग खोकला थांबेना. भट्टीवरचा धूर इतकी वर्षं छातीत मुकाट बसून होता, तो आता बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय अजून बराच काळ चालेल, बॅटरी नवी आहे. फुप्फुसं तेवढी थांबणार नाहीत. कुठे जायचं राहिलं असेल तर याच वर्षी जा.

मला वाटलं, हे म्हणतील वसईला. नाहीतर वेलंकणीला. घरी आल्यावर ह्यांनी फ्रिजकडे बघितलं.

"अहो, नको," मी म्हटलं.

"मार्था," हे म्हणाले, "एकच."

झालं! आमच्या किचन टेबलावर काडतुसं आली. हळद-मिरचीच्या डब्यांशेजारी काडतुसांच्या पेट्या, मध्ये ह्यांचा इनहेलर, आणि समोर वॉल्टर. वॉल्टर म्हणजे ह्यांचा भट्टीवरचा जोडीदार, पोलंडचा, ह्यांना शिकार शिकवणारा गुरू. मुद्दा काय होता ते मलाही समजायला लागलं (अशा गोष्टी मला या वयात समजायला लागल्या!). काडतुसाच्या टोकाला जी गोळी असते तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. गोळी जड असली की जनावर जागच्या जागी पडतं, पण बंदूक खांद्याला लाथही तेवढीच जोरात मारते. हलकी असली तर लाथ कमी, पण कुडूसारखं धूड नुसतं जखमी होऊन पळतं आणि झुडपात कुठेतरी रात्रभर तडफडून मरतं.

"वन एटी ग्रेन," वॉल्टरने टेबलावर मूठ आपटली. "आफ्रिकेची जनावरं टणक असतात. त्याच्याखाली काही नको."

"वॉल्टर अंकल, त्या शोल्डरवर वन एटी मारलं तर पेसमेकरची वायर हलेल," जेनेट म्हणाली. "डॅड, प्लीज! वन ट्वेंटी फाइव्ह, लो रिकॉइल."

"त्याने कुडूला सर्दी होईल," वॉल्टर म्हणाला.

"मग मेलाच समजा," मी म्हटलं. "आमच्याकडे सर्दीनेच सगळं सुरू झालं होतं."

कोणी हसलं नाही. हे खोकत होते.

"डॅड, राइट शोल्डरवरून मारा ना!" जेनेट म्हणाली.

ह्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "उजव्या हाताने मी जेवतो आणि क्रूस काढतो. मारायचं काम डाव्याचं."

त्याच आठवड्यात आमचे फादर ह्यांना आजाऱ्यांचं तेल लावायला घरी आले. फादर घानाचे, स्वभावाने फार गोड. आता, नवीन वस्तूवर आशीर्वाद घ्यायची आमच्या लोकांना सवय. गाडीवर घेतो, फ्रिजवर घेतो, मी तर स्नो ब्लोअरवरसुद्धा घेतलाय. तेल लावून झाल्यावर मी फादरना किचनमध्ये नेलं. "फादर, एवढ्यावर पण जरा हात फिरवा."

फादरनी पेट्या बघितल्या. "मार्था, हे काय आहे?"

"आफ्रिकेला न्यायचंय, फादर."

फादरनी तेलाची बाटली खिशात ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडे याची कमतरता आहे असं तुला कोणी सांगितलं?"

आशीर्वाद चहाच्या किटलीला मिळाला.

शेवटी तोडगा वॉल्टरनेच आणला, तोंड वाकडं करून. पूर्ण तांब्याची गोळी. शिशाची गोळी हाडावर आपटून फुटते, वजन तिथेच गमावते. तांब्याची फुटत नाही, फुलासारखी उमलते आणि आरपार खोल जाते. त्यामुळे दीडशे ग्रेनची असली तरी कुडूला पुरते आणि लाथही थोडी कमी. तांबं म्हटल्यावर मी लगेच खूश! माझ्या आईचा हंडा तांब्याचा होता, पन्नास वर्षं पोचा नव्हता आला.

जेनेट खूश नव्हती. थोडी कमी लाथ ही लाथच, असं तिचं म्हणणं. म्हणून मी कामाला लागले. (मी कामाला लागले की घरात सगळे जरा सावध होतात.) आईचं जुनं लुगडं मी इतकी वर्षं बॅगेत जपलं होतं. ते फाडून, थरावर थर लावून, गोधडीचे टाके घालून ह्यांच्या शिकारीच्या जॅकेटच्या डाव्या खांद्यावर एक गादी शिवली. इतकी जाड झाली की हे जॅकेट घालून उभे राहिले तर खांद्यावर मांजर बसल्यासारखं दिसायचं.

नेमबाजीच्या रेंजवर सरावाला गेलो. ह्यांनी बंदूक लावली. गादीमुळे बंदूक वीतभर पुढे गेली आणि डोळा दुर्बिणीपर्यंत पोचेना. मान कोंबडीसारखी पुढे काढून ह्यांनी चाप ओढला. आमच्या निशाण्याच्या कागदावर काहीच नाही! शेजारी कोणी गोरा मनुष्य अजून बंदूक भरत होता, त्याच्या कागदावर बरोबर मधोमध भोक. तो बिचारा कागदाकडे बघतोय, बंदुकीकडे बघतोय.

"लुगडं काढ," हे म्हणाले.

"वायर हलेल!"

"मार्था, वायर हलली तर मी मरेन. लुगडं राहिलं तर तो शेजारचा मरेल."

काढलं.

डॉक्टरांनी हात वर केले, जेनेट विमानतळावर माझ्या गळ्यात पडून रडली, आणि आम्ही दोघं नामिबियाला पोचलो. कोरडी लाल जमीन, काटेरी झुडपं, आणि ह्यांच्या श्वासाचा आवाज. दहा पावलं टाकली की बसायचे. ज्याच्या रानात शिकार करायची तो शेतमालक भला माणूस. त्याने आम्हाला जीपने पाणवठ्याजवळ नेलं, ह्यांना स्टुलावर बसवलं, पुढ्यात बंदूक टेकवायला तिकाटणं उभं केलं. मी मागे दगडावर, हातात रोझरी. ह्यांनी बंदुकीत एकच तांब्याचं काडतूस भरलं. दुसऱ्याची लाथ सोसणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

ऊन कलल्यावर तो आला. फ्रिजवरचाच! तशीच शिंगं, तशीच मान वळवून बघणं. ह्यांनी बंदूक उचलली, डाव्या खांद्याला लावली. मी रोझरी इतकी आवळली की मणी तळहातात रुतले. हे मरायला आलेत, मी मनात म्हटलं, आणि मीच त्याची व्यवस्था केलीय, उजवा सांगून.

तेवढ्यात ह्यांनी मागे वळून बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. आरसा नव्हता. पण ह्यांनी एक मोठा श्वास घेतला, होता तेवढा, आणि बंदूक सावकाश काढून उजव्या खांद्याला लावली.

"अहो!" मी कुजबुजले. "तिकडून तुम्हाला येत नाही!"

"गप," हे म्हणाले. भलताच डोळा मिटला आणि चाप ओढला.

कुडूच्या कितीतरी पलीकडे लोखंडी पाण्याची टाकी होती. तिच्यातून धार लागली. कुडूने टाकीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही!

हे हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू, शेवटी शेतमालकाने पाठीवर थोपटून बसवलं. श्वास जागेवर आल्यावर मला म्हणाले, "हॉस्पिटलात सांगितलं होतंस ना, मी उजवा आहे म्हणून? बघ. नाहीये."

शिकारीचा फोटो काढायची तिथे पद्धत आहे. आम्ही टाकीशेजारी काढला. हॅमिल्टनला परत आल्यावर वॉल्टरने तो नाकाशी धरून बघितला. "दोन्ही बाजूंनी भोक?"

"आरपार," हे म्हणाले.

"तांबं चांगलं," वॉल्टर म्हणाला. त्याच्याकडून कौतुक म्हणजे एवढंच.

पुढच्या जानेवारीत हे गेले. वायर शेवटपर्यंत जागच्या जागी होती, डॉक्टर म्हणाले तशी फुप्फुसंच थांबली. बाहेर जमीन गोठलेली, फ्युनरल होममध्ये हीटर घुरघुरतोय, शवपेटीजवळ सगळ्यांचा असतो तसा सुटाबुटातला फोटो नाही, टाकीचा. तिथला माणूस रोझरी घेऊन आला आणि त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, ही कुठल्या हातात देऊ?"

जेनेटने माझ्याकडे बघितलं. वॉल्टरने बघितलं. मागे फादर उभे होते, त्यांनीही बघितलं. मला तर वाटलं ह्यांचीही पापणी हलली.

"लेफ्ट," मी म्हटलं. "फुल्ली लेफ्ट."

आता वर सासूबाई करवंटीची डवली घेऊन दारातच उभ्या असणार. रोझरी डाव्या हातात बघून त्या मुलाला काही बोलायच्या नाहीत, हे कोणाचं काम ते त्यांना बरोबर कळेल आणि डवली त्या माझ्यासाठी राखून ठेवतील. म्हणून जेनेटला हल्ली आश्चर्य वाटतं, की मम्मी आपली ब्लडप्रेशरची औषधं एवढी न चुकता कशी काय घेते!