पाटकऱ्याची सायकल आणि माझी

फोन आला तेव्हा मी सिद्धेश्वरच्या जलाशयात होते. रविवारचा पोहण्याचा सराव संपवून काठाला लागले, तर जाळं आवरत बसलेले भोईकाका म्हणाले, "ताई, तुमची पिशवी कवाची वाजून राहिली." हट्ट्याहून मामींचे सात कॉल होते. आठवा उचलला. "तुझे मामा गेले, प्रज्ञा. चहा बी अर्धाच पिला गं..." एवढंच बोलल्या. माझ्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि शर्यत आठ दिवसांवर आली होती.

किसनमामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की कालव्याच्या काठानं सायकलवर निघायचं, दारं उघडायची, बंद करायची, आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं की नाही ते बघायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. वरच्या अंगाचे मोठे जमीनदार मधेच पाणी वळवून घ्यायचे. मामा सायकल स्टँडवर लावायचे, दार बंद करायचे आणि त्याच दारावर बसून राहायचे. शिव्या खाल्ल्या, एकदा ढकलाढकलीत कालव्यात पडले, पण शेवटच्या शेताचं पाणी कुणाला घेऊ दिलं नाही. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, त्याच कालव्यात, कमरेला दोर बांधून. नाकात पाणी गेलं म्हणून मी बोंब मारली की वरून म्हणायचे, "जाऊ दे, शेताचंच हाय!"

मागच्या वर्षी मी लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. आधी जवळपास दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं, ओल्या अंगानं नव्वद किलोमीटर सायकल, आणि उतरल्या उतरल्या एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं ठरलेल्या वेळेत, नाहीतर रस्त्यातूनच बाजूला काढतात. पोहणं होतं, पळणंही होतं. प्रश्न सायकलचा होता, आणि माझं उत्तर तयार होतं. आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचा गठ्ठा आहे. बाबांनी चळवळीसाठी छापलेल्या पत्रकांवर बोट ठेवून मी अक्षरं जुळवायला शिकले. या खेळाची चित्रं पाहिली, त्या चकचकीत सायकली पाहिल्या, आणि माझं डोकं फिरलं. मी एक पत्रकच लिहून काढलं... की हा खेळ फक्त पैसेवाल्यांचा का असावा, मी कष्टकऱ्याच्या सायकलवर उतरेन आणि पूर्ण करून दाखवेन. ते घेऊन थेट मामांच्या अंगणात गेले.

"मामा, तुमची सायकल द्या. हिच्यावरच शर्यत करते."

मामांची सायकल म्हणजे काळी, डबल बारची, कॅरिअरला दाराच्या चाव्यांची पिशवी लटकलेली. त्यांनी माझं पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं.

"लिवलं झकास हाय. आता रविवारी हिच्यावर नव्वद मारून ये. मंग बोलू."

मी गेले. कालव्याच्या काठानं सिद्धेश्वरपर्यंत, परत, आणि अंतर भरेना म्हणून वसमतकडं आणखी एक फेरी. अंगणात उतरले तेव्हा ऊन कलत आलं होतं आणि गुडघे माझे राहिले नव्हते.

"आली का? आता एकवीस किलोमीटर पळ."

मी ओट्यापर्यंतही नीट चालू शकले नाही. मामी पाणी घेऊन आल्या आणि नवऱ्यावर ओरडल्या, "लेकराचा जीव घेता का?" मामांनी पाठ फिरवली आणि सदरा वर केला. कमरेच्या वर एका बाजूला मणका ओढल्यासारखा वाकला होता. इतकी वर्षं ते तिरके चालतात हे मी पाहिलं होतं. काहून, हे कधी विचारलं नव्हतं.

"हे हिनं केलं," सायकलकडं हनुवटी करून ते म्हणाले. "दुसरी भेटली असती तर म्या हिच्याकडं वळून बी बघितलं नसतं. आमाला ही नको, गाडी द्या, म्हणून तुझ्याच बापानं पत्रक काढलं व्हतं. वाचलं न्हाईस व्हय?"

वाचलं होतं. घरी जाऊन गठ्ठ्यातून काढलं तेव्हा कळलं की त्या कागदावर तर मी जोडाक्षरं गिरवली होती. 'पाटकऱ्यांच्या तकलिफी ऐका.' खाली मागणी होती, त्याखाली मामांचा अंगठ्याएवढा फोटो. ज्या गोष्टीतून सुटका व्हावी म्हणून हा माणूस भांडला, तीच मी अभिमानानं मिरवायला निघाले होते. माझं पत्रक मी फाडलं. माझा राग खरा होता, आजही आहे. हा खेळ गावातल्या पोरींना मिळाला पाहिजे हे मी आजही ओरडून सांगेन. फक्त मिळायचा तर नीट सायकलसकट मिळाला पाहिजे, गुडघे फोडून नव्हे.

मग आम्ही दोघं नांदेडला गेलो. दुकानातल्या माणसानं आधी ती हवा कापणारी, पुढं झोपून चालवायची सायकल दाखवली. मामांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "हिच्यावर बसल्यावर म्हैस आडवी आली तर कुणी बघायचं?" ती बाद झाली. मग वळलेल्या हँडलची, गिअरची, हलकी रोड सायकल निघाली. दोन मापं होती आणि मी बिनधास्त मोठं माप उचललं. आमच्याकडं शाळेचा ड्रेस मोठा घेतात, चप्पल मोठी घेतात, पुढं पुरते आणि धाकट्यालाही होते. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा उंच; शर्यत झाल्यावर त्याला कामाला येईल असा माझा हिशेब.

"थांब," मामा म्हणाले. त्यांनी माझं कोपर सीटच्या टोकाला टेकवलं आणि हात हँडलकडं लांबवायला लावला. चांगली चार बोटं जागा उरली. लहान मापावर तेच केलं. बोटं हँडलच्या अगदी जवळ गेली.

दुकानदार हसला. "बाबा, आजकल चार्ट असतो."

"मंग बघा की चार्ट."

त्यानं माझी उंची विचारली, तक्ता पाहिला आणि गुपचूप लहान माप पुढं केलं.

"पण भावाला लहान होईल ना, मामा."

"भाऊ पळणार हाय का शर्यत? पोरीनं स्वतःच्या मापाचं एक बी काही घ्यायचं न्हाई का?"

मी मोठं माप परत जागेवर लावलं. माझ्या सगळ्या पत्रकांत हे एक वाक्य नव्हतं.

मामांच्या मातीला मी थेट जलाशयावरून गेले. शर्यतीला जायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. काही नातेवाईक म्हणाले, माणूस गेल्याच्या आठवड्यात खेळायला जाणं शोभतं का. मामींनी डोळे पुसून एवढंच विचारलं, "त्यायनी सायकल घिऊन दिली ती कशाला मंग?" मी गेले.

समुद्राचं पाणी खारट निघालं, बाकी पाणीच होतं. सायकलवर शेवटचे तीस किलोमीटर वारा समोरून आला. कितीतरी महागड्या सायकली माझ्या पुढं गेल्या, काही मागंही राहिल्या. उतरले तेव्हा पाय जागेवर होते. पळाले. वेळ संपायला बावीस मिनिटं असताना रेषा ओलांडली आणि कुणाला फोन करावा हे सुचेना...

परत आल्यावर सायकल घेऊन हट्ट्याला गेले. मामी म्हणाल्या, "आत घे, उन्हात नको ठेवू." मामांच्या खोलीत त्यांची खाट होती, रेडिओ होता, सायकल कुठंच नव्हती.

"मामी, त्यांची सायकल मला द्या. गावच्या वाचनालयात नीट ठेवू."

मामा गेल्यापासून पहिल्यांदा मामी हसल्या. "कुठली द्यू? तुझी आली त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात भंगारात घातली त्यायनी. म्हणले, म्या मेलो की ही पोरगी हिला हार घालती, अन् पुन्हा कुण्या तरी लेकराला हिच्यावर चढवती."

मीही हसले, आणि मग बराच वेळ हसणं थांबेना, आणि ते हसणं राहिलं नाही.

खाटेच्या बाजूला भिंतीवर एक काळा, तेलकट डाग आहे. एकतीस वर्षं संध्याकाळी हँडल तिथंच टेकायचं. मामींनी यंदा चुना मारला, तरी तो खालून वर आलाय. "टेकव तिथंच," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी टेकवली. माझं हँडल त्या डागाच्या वीतभर खाली लागलं.